दुकानाची मांडणी आणि वातावरण: कोल्हापुरात पहिला गाळा घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गाळ्याची किल्ली हातात पडली, की बहुतेक नवे दुकानदार पहिला फोन सुताराला करतात. त्याआधी निदान तीन दिवस त्या गाळ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, हातात वही घेऊन उभे राहावे, ही या लेखातील पहिली सूचना आहे आणि पुढच्या सर्व सूचना तिच्यावरच उभ्या आहेत. फर्निचर एकदा भिंतीला ठोकले की पुढची दहा वर्षे दुकान त्या सुताराच्या सोयीने चालते. गिऱ्हाईक कोणत्या बाजूने येते, कुठे थबकते, त्याच्या हातात काय असते आणि त्याच्यासोबत कोण असते, हे मात्र सुताराला माहीत नसते आणि सुरुवातीला आपल्यालाही माहीत नसते.

दुकानाच्या वातावरणाचा खरेदीवर परिणाम होतो, हे जुन्या व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतेच. त्याला अभ्यासाचा विषय बनवण्याचे श्रेय प्रामुख्याने फिलिप कोटलर यांच्या १९७३-७४ मधील लेखाला दिले जाते. दुकानाची जागा हीदेखील मालाचाच एक भाग असते आणि ती ग्राहकापर्यंत दृष्टी, श्रवण, गंध व स्पर्श या चार वाटांनी पोहोचते, अशी मांडणी त्यांनी केली. चव त्यांनी या यादीतून वगळली होती, कारण वातावरणाची चव घेता येत नाही. गुळाचा खडा किंवा चटणीची चिमूट हातावर ठेवल्याशिवाय गिऱ्हाइकाशी भावाचे बोलणे सुरू न करणाऱ्या आपल्याकडच्या दुकानदाराला हे पटेलच असे नाही.

पहिली पायरी: रस्ता मोजा

एकाच शहरातील दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईक सारखे नसते. महाद्वार रोडवरून चालणाऱ्या माणसांत अंबाबाईचे दर्शन घेऊन निघालेली परगावची कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या हातात प्रसादाची पिशवी आणि कडेवर मूल असते, आणि गाडीची वेळ त्यांच्या डोक्यात असते. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर येणारा माणूस बहुधा दुचाकीवरून ठरवून येतो आणि गाडी कुठे लावायची, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. लक्ष्मीपुरीत धान्य-किराणा घ्यायला येणाऱ्याच्या खिशात यादी असते. गुजरीत येणारे सहसा एकटे येत नाहीत. दागिना एकीसाठी असला तरी तो पसंत करायला चौघी आलेल्या असतात. या चारही ठिकाणी एकाच प्रकारचे दुकान थाटले तर ते निदान तिघांच्या गैरसोयीचे ठरेल.

वहीत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन वेळांची एकेक तासाची नोंद करावी. समोरून किती माणसे गेली, त्यांतील किती डावीकडून आली आणि किती उजवीकडून, शेजारच्या दुकानासमोर किती जण थांबले आणि नेमक्या कोणत्या वस्तूसमोर थांबले, एवढे लिहिले तरी पुरे. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार असल्याने मंदिर परिसरातली गर्दी त्या दिवशी वेगळी असते. म्हणून फक्त शुक्रवारचे मोजमाप घेऊन आठवड्याचा हिशेब मांडू नये. नवरात्रात आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर मोजायलाच जाऊ नये, कारण त्या दिवसांचे आकडे मनाला फार सुखावतात.

दुसरी पायरी: पाटी, पायरी आणि उंबरठा

पाटीबाबत सौंदर्यदृष्टीच्या आधी कायदा पाहावा. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्व दुकानांची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे. पाटीवर दुसरी भाषा असेल तर मराठी अक्षरे आधी यायला हवीत आणि त्यांचा आकार दुसऱ्या भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. पाटीवर नावापेक्षा माल मोठ्या अक्षरांत दिसावा, असे माझे मत आहे. आजोबांचे नाव आपल्याला प्रिय असते, पण परगावच्या माणसाला आत चप्पल मिळते की चादर, हे हवे असते.

जुन्या पेठांतील गाळे रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच असतात. गुडघे दुखणाऱ्या आजी त्या पायऱ्या पाहूनच पुढे जातात आणि त्यांच्यासोबतचे पाच जणही पुढे जातात. सुगम्यतेच्या निकषांप्रमाणे उताराचे प्रमाण सर्वसाधारणपणे १:१२ धरतात, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. तेवढी जागा गाळ्यासमोर नसते आणि रस्त्यावर उतार बांधणे हे अतिक्रमण ठरते. जिथे उतार शक्यच नाही, तिथे निदान पायऱ्यांची उंची सहा इंचांपर्यंत खाली आणावी, एका बाजूला भक्कम कठडा बसवावा आणि घडीचा फिरता उतार आत ठेवून गरजेप्रमाणे लावावा.

उंबरठ्याच्या आतले पहिले चार-पाच फूट मोकळे ठेवावेत. दुकानांत ग्राहकांच्या हालचाली वर्षानुवर्षे टिपून ठेवणारे अमेरिकी निरीक्षक पॅको अंडरहिल यांनी या पट्ट्याकडे विशेष लक्ष वेधले आहे. बाहेरच्या उन्हातून, गोंगाटातून आत आलेल्या माणसाचे डोळे आणि पावले स्थिरावायला काही क्षण लागतात आणि तेवढ्या वेळात समोर ठेवलेली वस्तू किंवा फलक त्याला दिसतच नाही. नवा दुकानदार नेमका उलट वागतो: सर्वांत चांगला माल दाराशीच टांगतो आणि आत येणाऱ्याला तो डोक्याने बाजूला सारावा लागतो. दर्शनी माल बाहेरून दिसण्यासाठी असतो, तर आतला पहिला माल स्थिरावल्यानंतर दिसण्यासाठी, आणि या दोहोंच्या मध्ये मोकळी जागा लागते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर ही जागा दुहेरी उपयोगाची ठरते. जून ते सप्टेंबर या काळात ओली छत्री आणि निथळणारा रेनकोट कुठे ठेवायचा, हे दाराशीच कळले नाही, तर गिऱ्हाईक तसेच अवघडून उभे राहते आणि आपण मात्र त्याच्या हातातल्या छत्रीकडे व खालच्या साड्यांकडे आळीपाळीने पाहत राहतो. जाड पायपुसणे, छत्रीसाठी बादली आणि पिशवी ठेवायला एक बाकडे, एवढ्याने काम भागते.

तिसरी पायरी: माल कोण काढणार, ते ठरवा

मांडणीचा मूळ प्रश्न हाच आहे. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचे किराणा दुकान उघडले, तोवर किराणा दुकानात माल काउंटरमागे असे आणि नोकर तो काढून देत असे. साँडर्स यांनी ग्राहकाच्या हाती टोपली दिली आणि त्याला मालामधून फिरत गल्ल्यापर्यंत आणणारी वाट आखली. त्यातून नोकरांचा खर्च वाचलाच, पण यादीत नसलेली वस्तू दिसल्याबरोबर उचलण्याची सवयही सुरू झाली. वारणानगरच्या सहकारी 'वारणा बझार'ने आपल्या जिल्ह्यातील ग्रामीण ग्राहकालाही एका छताखाली सर्व वस्तू पाहून घेण्याची सवय लावली.

म्हणून सगळ्यांनीच काउंटर तोडावा, असे मात्र नाही. साडीच्या दुकानातील पांढरी गादी ही उत्तम मांडणी आहे. चपला काढून ग्राहक खाली बसतो, त्याचे पाय मोकळे होतात, पाणी येते आणि समोर एकेक घडी उलगडत जाते. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा अधिक वेळ देतो, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. सोन्याच्या पेढीत काउंटर सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. याउलट भेटवस्तू, खेळणी, भांडी, लेखनसामग्री, मसाल्यांची पाकिटे हा माल हातात घेतल्याशिवाय विकला जात नाही. कोल्हापुरी चपलेचे दुकान या दोन्हींच्या मध्ये येते: नमुने हाताला लागतील असे ठेवावेत, जोड्या मागे रचाव्यात, आणि बसायला स्टूल, पायासमोर खालपर्यंत येणारा आरसा व चालून पाहायला सहा-सात फुटांची मोकळी फरशी द्यावी, कारण पायताण उभ्याने पसंत पडले तरी ते विकले जाते चार पावले टाकल्यानंतर, त्याचा करकर आवाज ऐकूनच.

कापशीपासून साध्या चपलेपर्यंत सगळे नमुने एका भिंतीवर लावायचे की निवडक, हा प्रश्न इथेच येतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोग यासंदर्भात नेहमी सांगितला जातो: कॅलिफोर्नियातील एका दुकानात २४ प्रकार मांडले तेव्हा जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच खरेदी केली, ६ प्रकार मांडले तेव्हा कमी लोक थांबले, पण त्यांतील सुमारे ३० टक्क्यांनी खरेदी केली. हा प्रयोग सांगणारे पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे कधी जास्त पर्याय मारक ठरतात, तर कधी तारक. ज्याला माल कळत नाही, त्या परगावच्या ग्राहकासमोर आधी पाच-सहा नमुने ठेवावेत आणि जाणकाराला मागच्या भिंतीकडे न्यावे, इतकेच मी यातून घेतो.

चौथी पायरी: फूटपट्टी घेऊन वाट आखा

उदाहरणादाखल दहा फूट रुंद आणि तीस फूट खोल गाळा घेऊ. दोन्ही भिंतींना सव्वा फूट खोलीचे रॅक लावले की मध्ये साडेसात फूट उरतात. 'मधली जागा वाया जाते' असे म्हणून त्यात दोन फूट रुंदीचा तिसरा रॅक उभा केला, तर प्रत्येक बाजूला पावणेतीन फुटांची बोळकांडी तयार होते. एक माणूस खालच्या कप्प्यातील वस्तू पाहण्यासाठी वाकला की दुसऱ्याची वाट बंद होते आणि मागून कोणाचा तरी धक्का लागतो. असा धक्का लागला की ग्राहक, विशेषतः स्त्रिया, आवडलेली वस्तूही खाली ठेवून निघून जातात, असे अंडरहिल यांचे निरीक्षण आहे. महाद्वार रोडवरच्या गर्दीत ते कोणालाही पडताळून पाहता येईल. चाकाच्या खुर्चीला किमान तीन फूट लागतात, दोन माणसे एकमेकांना ओलांडून जायची तर चार फुटांहून अधिक. त्यामुळे या गाळ्यात मधला रॅक नको. फार तर आतल्या अर्ध्या भागात कंबरेइतक्या उंचीचे दीड फुटी टेबल एका बाजूला सरकवून ठेवता येईल.

आत शिरलेला माणूस आपोआप उजवीकडे वळतो, असे अनेक पाश्चात्त्य मार्गदर्शनांत ठामपणे लिहिलेले असते. हे निरीक्षण मुख्यतः अमेरिकेतील, म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या समाजातील आहे. आपण डावीकडून चालतो, आणि प्रदक्षिणेतही देव उजव्या हाताला ठेवून डावीकडूनच सुरुवात करतो. याचा दुकानातील वळणाशी संबंध आहेच असे मी म्हणणार नाही. मात्र पुस्तकातला बाण पाहून महागडा माल उजव्या भिंतीला लावण्याआधी आपल्या दारातून आत आलेल्या पन्नास माणसांची वळणे वहीत टिपावीत.

लोक ज्यासाठी हमखास येतात तो माल मागच्या भिंतीशी ठेवावा, हा सल्ला जुना आणि बऱ्याच अंशी योग्य आहे, कारण त्या वाटेवर बाकीचा माल नजरेस पडतो. परंतु त्यासाठी मागची भिंत दारातून दिसली पाहिजे आणि तिथे दुकानातला सर्वाधिक प्रकाश हवा. अंधाऱ्या टोकाकडे कोणी स्वतःहून चालत जात नाही. घाईतल्या यात्रेकरूला एका हळदी-कुंकवाच्या करंड्यासाठी तीस फूट आत चालवणे हा मात्र त्रास आहे. तो एकदाच येईल आणि पुन्हा येणार नाही.

पाचवी पायरी: कप्प्यांची उंची

'डोळ्यांच्या पातळीवरचा माल विकला जातो' हे खरे, पण कोणाच्या डोळ्यांच्या? तयार रॅकच्या आराखड्यांत ही पातळी पाच फूट किंवा त्याहून वर धरलेली असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आहे, म्हणजे तिच्या डोळ्यांची पातळी साधारणपणे साडेचार ते पावणेपाच फुटांवर येते. घरगुती वस्तूंचे दुकान असेल तर मुख्य कप्पा याच उंचीच्या किंचित खाली, हात सहज पोहोचेल असा घ्यावा. वजनदार माल खाली, हलका आणि साठ्याचा माल वर ठेवावा. लहान मुलांच्या वस्तू अडीच-तीन फुटांवर ठेवल्या की मुले त्या ओढून काढतात; त्यांनी त्या काढाव्यात की काढू नयेत, हे दुकानदाराच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडतो.

सहावी पायरी: प्रकाश

या एका बाबीवर नवे दुकानदार सर्वांत कमी विचार करतात आणि सर्वांत जास्त नुकसान सोसतात. साडी आवडलेली बाई ती उचलून दाराशी उजेडात नेऊन पाहते, याचा अर्थ तिचा आपल्या दिव्यांवर विश्वास नाही. मॅचिंगच्या दुकानात हा प्रश्न आणखी तीव्र होतो: काही दोन रंग एका प्रकारच्या दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात. ब्लाउजपीस आणि फॉल घरी नेऊन परत आणणारी गिऱ्हाइके खोडसाळ नसतात. ते भांडण अनेकदा दिव्याने लावलेले असते.

एलईडी दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे पाहावेत. पहिला केल्विनमधला: सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, ४००० चा समतोल पांढरा आणि ६५०० चा निळसर पांढरा असतो. सोने पिवळसर प्रकाशात खुलते, चांदी आणि हिरे पांढऱ्या प्रकाशात. म्हणून पेढीत दोन्हींसाठी एकच दिवा लावणे योग्य नव्हे. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे दिवा वस्तूचे खरे रंग किती प्रामाणिकपणे दाखवतो याचा निर्देशांक. तो कमाल १०० असतो. कापडासाठी ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय असलेले दिवे घ्यावेत. ते थोडे महाग पडतात, पण परत येणाऱ्या मालाचा हिशेब मांडला तर खर्च भरून निघतो. सगळीकडे सारखा झगझगाट करण्यापेक्षा वाटेवर मध्यम आणि मालावर अधिक प्रकाश टाकावा. कपडे घालून पाहण्याच्या खोलीत दिवा डोक्यावर न लावता आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्यासमोर लावावा. डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि दोष ड्रेसला लागतो. गाळा पश्चिमेला तोंड करून असेल, तर दुपारनंतरचे ऊन काचेवर येऊन आतले काही दिसत नाही आणि दर्शनी मालाचा रंग उडतो. तिथे छज्जा किंवा गुंडाळता येणारा पडदा लागतोच.

सातवी पायरी: आवाज, वास आणि वारा

रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका अमेरिकी सुपरमार्केटमध्ये संथ संगीत चालू असताना ग्राहक हळू चालले आणि वेगवान संगीताच्या तुलनेत विक्री सुमारे ३८ टक्के अधिक झाली. हा आकडा डोळे झाकून उचलू नये. संथ चालणारे ग्राहक मंगळवारच्या दुपारी हवेसे असतात; दिवाळीच्या संध्याकाळी दारात रांग असताना तेच ग्राहक रेंगाळले तर बाहेरचे निघून जातात. शिवाय ध्वनिमुद्रित गाणी दुकानात वाजवणे हा कॉपीराइट कायद्यानुसार सार्वजनिक वापर असल्याने त्यासाठी परवाना लागतो. माझ्या मते बारा फुटी दुकानात, जिथे मालक आणि ग्राहक यांचे बोलणे हाच मुख्य आवाज आहे, तिथे संगीत नसले तरी काही बिघडत नाही. पंख्याची खडखड मात्र त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी.

वासाचा नियम सोपा आहे: ज्या मालाला स्वतःचा चांगला वास आहे, त्यावर दुसरा वास चढवू नये. चामड्याचा, कोऱ्या कापडाचा, गुळाचा वास हीच त्या दुकानाची ओळख असते. सकाळच्या पूजेची उदबत्ती पूजेपुरती ठेवावी. कापडाचा गाळा घेताना शेजारी मिरची-मसाल्याचे कांडप आहे का, हे भाडे ठरवण्याआधी पाहावे. चटणीचा तो वास रस्त्यावरून जाताना भूक चाळवतो, पण साड्यांच्या घड्यांत बसला की ग्राहकाला शिंका येतात.

आठवी पायरी: गल्ला

गल्ला दाराशी ठेवण्याची आपली परंपरा राखणीसाठी आहे आणि एकट्याने चालवायच्या दुकानात ती समर्थनीयही आहे. तरी दारातच मालकाची नजर समोर आली, की नुसते पाहायला आलेला माणूस बिचकतो. गल्ला एका भिंतीला, दारापासून साधारण एक तृतीयांश आत घेतला, तर दार आणि मागची भिंत दोन्ही नजरेत राहतात. घरच्यांचा वास्तुशास्त्राचा आग्रह असेल, तर गल्ल्याची दिशा आराखड्याच्या पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी. सर्व फर्निचर बसल्यावर मामांनी येऊन दिशा बदलायला लावली, की वाटेचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

नववी पायरी: बदल एकेक करा आणि मोजा

दुकान सुरू झाल्यावर चार आकडे नियमित लिहावेत: समोरून गेलेले, आत आलेले, खरेदी केलेले आणि सरासरी बिल. समजा, एका तासात समोरून २४० जण गेले, ३० आत आले आणि त्यांतील फक्त ६ जणांनी खरेदी केली. दर्शनी भाग लोकांना आत आणण्याचे काम करतो आहे. अडचण आत आहे आणि ती वाटेत, प्रकाशात, किमतीत किंवा बोलण्यात असू शकते. उलट ५ आले आणि ४ जणांनी घेतले, तर आतल्या रॅकला हात लावू नये, पाटी आणि पायरी पाहावी. आत आलेल्या माणसाला 'काय पाहिजे?' असे विचारण्याऐवजी 'बघा की निवांत' असे म्हणून पाहणे, हादेखील एक बदलच आहे आणि त्याला खर्च येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान दोन आठवडे तेच वार, त्याच वेळा मोजाव्यात. दिवे आणि रॅक एकाच रात्रीत बदलले, तर विक्री वाढली तरी कशामुळे वाढली हे कळत नाही, आणि घटली तर कोणते परत फिरवायचे तेही कळत नाही. प्रत्येक बदलाआधी दारातून आत पाहताना एक आणि मागच्या भिंतीकडून दाराकडे पाहताना एक, असे दोन फोटो काढून त्यांवर तारीख घालून ठेवावी, म्हणजे जुनी मांडणी परत आणण्याची वेळ आली तर कोणता रॅक कुठे होता यावर भावाभावांत वाद होणार नाही.